मदत हवी आहे : भाच्याला पॅराग्लायडिंग शिकायचंय

नमस्कार मंडळी, नागपुरात कोणी पॅराग्लायडिंग रीतसर शिकलेलं आहे का? भाचा एकोणीस वर्षांचा, राहतो माझ्याकडेच, त्रिमूर्तीनगरात. दिवसभर त्याच्या मोबाईलवर विंगसूटवाले (पंखासारखा पोशाख घालून उडणारे) डोंगराच्या कड्याला खेटून जाताना दिसतात. फेलिक्स बाउमगार्टनरची २०१२ ची उडी त्याला तोंडपाठ आहे: सुमारे ३९ किलोमीटरवरून, फुग्याला टांगलेल्या कॅप्सूलमधून, आवाजाच्या वेगापेक्षाही जोरात. खरं सांगू, दारातून वाकून खाली बघतो तो क्षण पाहताना माझ्याही पोटात गोळा येतो, आणि तरी व्हिडिओ बंद करवत नाही. तोच माणूस २०२५ मध्ये इटलीत पॅराग्लायडिंग करताना गेला, हे ताईला कळल्यापासून घरात या विषयाचं नाव काढायची सोय नाही.

पोरगा मागे हटणारा नाही. चोरून कुठेतरी उडण्यापेक्षा नीट शिकलेलं बरं, असं माझं मत. आपल्याकडे डोंगर नाहीत, म्हणून लोणावळ्याजवळच्या कामशेतचा विचार चाललाय. इन्स्ट्रक्टरसोबतची जॉयराइड नको. स्वतः पंख, म्हणजे ती कापडी छत्री, जमिनीवर सांभाळण्यापासून सुरुवात होईल असा कोर्स हवा.

प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र खरं की नुसतं भिंतीवरचं, हे कसं ओळखायचं? रिझर्व्ह (आणीबाणीचं) पॅराशूट शेवटचं कधी उघडून घडी केलं, असं विचारलं तर चालतं ना? विम्यात हा खेळ धरतात का? आणि पहिल्यांदा जायला डिसेंबर बरा की फेब्रुवारी?

स्वतः शिकलेल्यांनी किंवा ज्यांची मुलं शिकलीत त्यांनीच सांगा. "पोराला समजवा" हा सल्ला ताई रोज देते.