मदत हवी आहे: ६ वर्षांच्या भाच्याला सकाळी उलट्या, चालताना तोल जातोय. एमआरआयसाठी थांबावं का?

नमस्कार मंडळी,

ताईचा मुलगा, बार्शीला असतो. गणपतीनंतर त्याला सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी सुरू झाली. उलटी झाली की बरं वाटतं, पोहे खाऊन शाळेत जातो. म्हणून आधी पित्त, मग जंत, शेवटी शाळेचा कंटाळा. आजीने दृष्टही काढली.

परवा जाऊन आलो. टीव्ही बघताना मान डावीकडे कलती. सरळ केली तरी पुन्हा तशीच. पाय फाकवून चालतो, जिन्यात कठडा सोडत नाही. बटण लावायला गेला की बोटं काजापाशी थरथरतात. उन्हाळ्यात हाच पोरगा गच्चीत सायकल पळवत होता.

वाचलं ते असं: मुलांमध्ये बऱ्याच गाठी मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात होतात. तिथे मेंदूतल्या पाण्याची वाट अडली की दाब वाढतो, रात्रभर आडवं झोपल्यावर आणखी, म्हणून त्रास सकाळी. ब्रिटनमध्ये २०११ साली 'हेडस्मार्ट' मोहीम काढली ती अशी लक्षणं लवकर ओळखता यावीत म्हणूनच. डॉक्टर म्हणतात, आठ दिवस बघू. मला थांबवत नाही. ताई भुलीला घाबरते आहे. सीटी चालेल का? टाटाला थेट जावं का? केशरी कार्ड आहे.

प्रतिसाद:

दादा, मी बालरोग विभागात नर्स आहे. आठ दिवस थांबू नका. उद्याच नेत्रतज्ज्ञांकडून थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. डोळ्याच्या नसेला सूज दिसली तर त्याच दिवशी स्कॅन. सूज नसली तरी एमआरआय सोडायचा नाही. मान आणि तोल एवढी कारणं पुरे आहेत.

सीटी पटकन होतो, तातडीच्या वेळी तोच करतात. पण मागच्या भागातली लहान गाठ त्यात सुटू शकते, म्हणून कॉन्ट्रास्टसह, म्हणजे गाठ ठळक दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन, एमआरआयच हवा. बराच वेळ अजिबात हलायचं नसतं, एवढ्या लहान मुलाला ते जमेलच असं नाही, म्हणून भूल. ताईंना सांगा, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ लक्ष ठेवून असतात. उपाशी किती वेळ ठेवायचं ते आधी विचारून घ्या.

पोरगा झापडीत जायला लागला, दोन-दोन दिसायला लागलं किंवा उलट्या थांबेनात, तर रात्र असली तरी न्यूरोसर्जन असलेलं जवळचं रुग्णालय गाठा, सोलापूर धरा. पाणी साठलं असेल तर ते आधी मोकळं करावं लागतं. परळला टाटाला जायचं ते त्यानंतर, स्कॅन हातात घेऊन. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

आणि आजच त्याच्या चालण्याचा, बटण लावण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना आधी तो दाखवा, मग बोला.