मदत हवी आहे : हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे जुने शॉर्टकट परत आणता येतील का?

नमस्कार मंडळी. लोहार चाळीत आमचं इलेक्ट्रिक सामानाचं होलसेल दुकान आहे. हिशेब बघणारे काका वडिलांच्या वेळेपासूनचे. माऊसला ते हातच लावत नाहीत. नजर चलनावर, बिलं आणि लेजर सगळं बोटांच्या सवयीवर. नवीन व्हर्जनमध्ये मेनू हलले, शॉर्टकट बदलले. आता बोट जुन्या जागी जातं आणि भलतीच खिडकी उघडते. नवा पोरगा म्हणतो, सोपं झालंय. त्याला होणारच, त्याला विसरायचं काय होतं?

जुनं व्हर्जन टाकून बघितलं, पण नव्यात गेलेला डेटा त्यात उघडत नाही. शिवाय जीएसटीचे बदल जुन्यात येणार नाहीत, आणि ११ तारखेला जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं रिटर्न) काही थांबत नाही. सपोर्टवाले फक्त व्हिडिओ पाठवतात.

विंडोजवर ऑटोहॉटकी नावाच्या कळा बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने जुन्या कळा नव्या कमांडला जोडता येतात असं कळलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर कोणी हे केलंय का? फक्त त्याच खिडकीपुरतं चालू ठेवता येतं ना? नाहीतर एक्सेलमध्ये वेगळाच गोंधळ.

दुसरं, कंपनीला पटवायचं कसं? २०१२ च्या विंडोज ८ मधून काढलेलं स्टार्ट बटण ओरड झाल्यावर ८.१ मध्ये परत आलं. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये तर जुने मेनू की टॅब, हे आपणच निवडायचं. आमच्यासारख्या छोट्या गिऱ्हाइकांनी डीलरमार्फत लिहावं की थेट?

(‘काकांना रिटायर करा’ हा सल्ला आधीच मिळालाय, तो नको.)