अनुभव धागा: तुमच्या घरातली रूथ

सुगीच्या उपासनेत यंदाही बायबलातल्या रूथच्या पुस्तकाचा पाठ झाला. इनमीन चार अध्याय. दुष्काळात बेथलेहेम सोडून मवाब देशात गेलेलं घर, तिथं नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी, तिला न सोडणारी परकी सून रूथ, आणि सरवा वेचताना भेटलेला शेतमालक बवाज. आमच्या बेळगुंदीकडं रताळी काढून झाली की मागं राहिलेली बारकी उकरायला बायका येतात, तेव्हा सरवा म्हणजे काय हे इथं समजवायला लागत नाही. ही गोष्ट तुमच्या घरात कुठं घडली ते लिहा. प्रवचन नको.

खानापूर तालुका

माझं माहेर गोकाककडचं, कन्नड. मराठी लग्नानंतर शिकले, चुका सांभाळून घ्या. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात आमचे हे गेले. महिन्याभरानं दादा टेम्पो घेऊन न्यायला आला. माझी ट्रंक चढवून झाली होती. अत्ते (सासूबाईंना मी अत्तेच म्हणते) दारात तांदूळ निवडत बसलेल्या. वर बघेनात. "जा, तुझं वय आहे," एवढंच. बघते तर सुपात खडे आणि अंगणात तांदूळ! मी दादाला म्हटलं, ट्रंक उतरव.

पुढचं काही गोड नाही. दीड वर्ष अत्ते देवळात आल्या नाहीत. आम्ही प्रार्थनेला बसलो की उठून गोठ्यात जायच्या. नामीनं नाही का सांगितलं, मला नामी नको, आता 'मारा' म्हणजे कडू म्हणा? देवावर एवढा राग धरायला पण विश्वास लागतो की. एका रात्री मी झोपेत कन्नडातून रडत होते म्हणे. अत्तेंनी हलवून उठवलं आणि त्यांना येणारं एकुलतं एक कन्नड वाक्य बोलल्या, "ऊटा आतेन?" रात्री दोन वाजता, जेवलीस का! दोघी हसत सुटलो. त्या रविवारी त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या आधी चपला घातल्या.

बेळगाव, कॅम्प

अर्पाला, नामीच्या दुसऱ्या सुनेला, नावं ठेवू नका. तीही रडली होती, आणि सासूच्याच सांगण्यावरून परत गेली. मीही माहेरी परतले. प्रभू तिथंही होता.

निपाणी

आमची आई विड्या वळायची. छाट, म्हणजे बाद विडी, निघाली की मजुरी कापायचे. तपासणारे एक म्हातारे चाचा होते. आईच्या सुपात हात घालायचे, "चालतंय" म्हणायचे. आईला वाटायचं, आपला हात चांगला. पुढं कळलं, तिच्यातल्या कच्च्या विड्या चाचा गुपचूप आपल्या खिशात घालायचे. बवाजानं गड्यांना सांगितलं होतं ना, पेंढीतली कणसं मुद्दाम खाली टाका? चाचा ख्रिस्ती नव्हते. तसं मी पाळकसाहेबांना म्हटलं, तर ते म्हणाले, रूथ तरी कुठं इस्राएलची होती?

चिक्कोडीकडून

सगळे रूथ आणि बवाजाचंच लिहिताय. चौथ्या अध्यायात आणखी एक जण आहे, जवळचा नातलग. नामीची जमीन सोडवायचा पहिला हक्क त्याचा. आधी हो म्हणतो, मग रूथचीही जबाबदारी येते म्हटल्यावर मागं सरतो. आपल्या वतनाचा नाश होईल म्हणतो आणि हक्क सोडल्याची खूण म्हणून जोडा काढून देतो. तो मी. नाव घालत नाही, शास्त्रातही त्याचं नाव नाही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुरात धाकट्या भावाचा ऊस गेला. पुढच्या वर्षी भाऊच गेला. शेत गहाण. त्याची बायको दारात आली, "भावजी, सोडवा, मी राबून फेडते." पैसे होते माझ्याकडं. लेकीचं लग्न आहे म्हणालो. लग्न तीन वर्षांनी झालं. शेत तिच्या मावसभावानं सोडवलं. त्यानंतर देवळात प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढं जायला पाय उचलेना, मागच्या बाकावरूनच परतायचो. ती कधी अवाक्षर बोलली नाही.

यंदा तिनं नव्या शाळूची पायली पोराकरवी पाठवली. पोरगं म्हणालं, "आईनं सांगितलंय, मापात कमी असेल तर कळवा." बायकोनं लगेच दळून भाकरी थापली. पहिला घास बराच वेळ तोंडातच फिरत होता.