तळघराच्या पार्किंगचा पावसाळी खड्डा: ७.५ एचपीचे पंप खरंच लागतील का?

हिंदमाता_पार्किंग
मुंबईत हिंदमाता परिसरातली सोसायटी, पार्किंग तळघरात. पावसाळी पाण्याचा खड्डा २ मी. × १.५ मी., खोली २ मी. उघडा रॅम्प आणि त्याला लागून असलेलं काँक्रीटचं अंगण मिळून ६०० चौ.मी.चं पाणी त्यात येतं, शिवाय भिंतींतून थोडं झिरपतं. तळघराची फरशी रस्त्यापेक्षा ३.६ मी. खाली. खड्ड्यापासून रस्त्याकडच्या चेंबरपर्यंत आडवा पाइप २० मी. सध्या ३ एचपीचे दोन पंप आहेत आणि दोघांना मिळून ८० मिमीचा एकच पाइप. जोराच्या सरीत दोन्ही चालू असूनही पातळी उतरत नाही. ठेकेदार ७.५ एचपी, २५ मी. हेडचे (हेड म्हणजे पंप पाणी किती उंच ढकलू शकतो ते) दोन पंप सांगतोय, पाइप मात्र तोच. शिवाय तळघरातल्या संडासाचं पाणीही याच खड्ड्यात सोडू म्हणतो. चालेल का?

पाइप_आधी
एचपीचा आकडा सगळ्यात शेवटी काढायचा असतो.

आधी पाणी किती येतं ते बघा. शहराच्या पर्जन्यवाहिन्या पूर्वी ताशी २५ मिमी पावसासाठी होत्या, ब्रिमस्टोवॅडमध्ये (पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात) तो आकडा ५० मिमी धरला. तळघराला तो पुरत नाही. रस्त्यावर वीतभर पाणी साचून ओसरतं, तळघरातलं पाणी पंपाशिवाय कुठेच जाऊ शकत नाही आणि दहा मिनिटांची सर ताशी ५० मिमीच्या वेगाला सहज मागे टाकते. म्हणून ताशी १०० मिमी धरा. काँक्रीटवरचं सगळं पाणी वाहून येतं, म्हणजे ६०० × ०.१ = तासाला ६० घनमीटर. एका पंपाने एकट्याने एवढं उपसायला हवं. दुसरा राखीव, आणि पातळी वाढतच राहिली तर जोडीला.

आता पाइप. ८० मिमीतून तासाला ६० घनमीटर म्हणजे सेकंदाला ३.३ मी. वेग. दोन्ही पंप एकदम चालले तर ६.६ मी., आणि फक्त त्या २० मीटरमध्ये सुमारे १२ मी. हेड घर्षणात जातं. तुमची पातळी उतरत नाही ती यामुळेच. २५ मी. हेडचा पंप ते घर्षण रेटेल, पण वीज पाइप घासण्यातच खर्च होईल. शिवाय एकच पंप चालू असेल तेव्हा लागणारं हेड घटून तो आपल्या वक्राच्या (पाणी आणि हेड यांच्या आलेखाच्या) उजव्या टोकाला पळेल, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पाणी ढकलेल, अँपिअर चढतील आणि ओव्हरलोड ट्रिप होईल, तेही नेमकं भर पावसात.

प्रत्येक पंपाला १०० मिमीचा स्वतंत्र उभा पाइप द्या. त्यावर एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि त्यापुढे पाइप बंद करायचा स्लुइस व्हॉल्व्ह, दोन्ही हाताला येतील असे खड्ड्याबाहेर. आडवी लाइन १५० मिमी. उभ्या पाइपात वेग २.१ मी. राहतो, गाळ वर चढतो. आडव्यात एका पंपावर ०.९ आणि दोन्हींवर १.९ मी. उचल ५.८ मी. धरा: पंप थांबण्याच्या पातळीपासून रस्त्यापर्यंत ५.२ आणि त्यावर ०.६. ते ०.६ कशाला, हे खाली कुणीतरी सांगेलच. घर्षण आणि फिटिंग मिळून अडीच मी. एकूण ८.५ मी.च्या आत बसतं. तासाला ६० घनमीटर, ८.५ मी. हेड एवढंच लिहून कोटेशन मागवा आणि वक्र सोबत हवाच म्हणून सांगा. ५ एचपीत काम होतं.

खड्डा पुरेसा आहे. पंपाच्या तासाला १० सुरुवाती धरल्या तर चालू-बंद पातळ्यांमध्ये १.५ घनमीटर लागतात, तुमच्या ३ चौ.मी.त ते अर्धा मीटर होतात. तळापासून ०.४ मी.वर बंद, ०.९ला पहिला पंप, १.१ला दुसरा, १.३ला भोंगा. येणाऱ्या पाइपाचं तोंड १.४च्या वर असावं. ती धार थेट पंपावर पडू देऊ नका, हवेचे बुडबुडे आत जाऊन पंप थरथरतो आणि पाणी कमी देतो. मध्ये आडभिंत घाला, अलीकडे गाळाचा चेंबर ठेवा. एनआरव्हीच्या खाली उभ्या पाइपाला ६ मिमीचं भोक पाडा, नाहीतर कोरडा पडलेला पंप हवा धरून नुसता फिरत बसतो.

भरतीचं_गणित
ते ०.६ मी. मी सांगतो, आणि इथे काटकसर अजिबात नको. भरतीच्या वेळी नाल्यांची समुद्राकडची तोंडं बंद होतात. म्हणून तर हिंदमाताचं पाणी ब्रिटानिया उदंचन (पाणी उपसण्याच्या) केंद्राकडे जातं, आणि भरती ओसरेपर्यंत साठवायला परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्या. त्या वेळी तुमच्या चेंबरमध्ये रस्त्याच्या पातळीपर्यंत पाणी असतं. पाइप सरळ त्यात सोडला तर एनआरव्हीत एक काडी अडकली तरी नाल्याचं पाणी उलटं तळघरात येतं. म्हणून पाइप आधी रस्त्याच्या ०.६ मी. वर, म्हणजे पाणी चढतं त्या खुणेच्या वर न्या, माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह बसवा म्हणजे सायफन लागणार नाही (पाणी आपोआप उलटं ओढलं जाणार नाही), मग खाली उतरवा.

रॅम्पच्या तोंडाशीही तेवढाच उंचवटा हवा. तो नसेल तर ६०० चौ.मी.चा हिशेब फुकट, कारण अख्खा रस्ता तळघरात उतरेल आणि त्याला कुठलाच पंप पुरा पडणार नाही. गाडीचं बूड घासू नये म्हणून चढ लांब घ्या आणि उंचवट्याच्या आतल्या बाजूला पूर्ण रुंदीची जाळीची गटार करा.

मैला_वेगळा
संडासाचं पाणी या खड्ड्यात नको, पावसाळी नाल्यात तर मुळीच नको. त्याला झाकणबंद वेगळा खड्डा, गच्चीपर्यंत वेंट (वायू बाहेर सोडणारा पाइप), घन पदार्थ गिळणारा किंवा कटरवाला पंप, आणि सोडायचं ते मलवाहिनीच्या चेंबरमध्ये. खड्ड्याचा तळ पंपाकडे उतरता ठेवा. सपाट तळावर मैला कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.

दोन्ही खड्ड्यांत पंप गाइड रेल (पंप ज्यावरून वर-खाली सरकतो त्या दांड्या) आणि ऑटो कपलिंगवर (तळाशी पाइपाला आपोआप जुळणाऱ्या जोडावर) बसवा, म्हणजे साखळीने वर ओढता येतो. कपलिंगचे पैसे वाचवले की कधीतरी कुणाला तरी आत उतरवलं जातं. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कुणाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, आणि त्या वायूने माणूस क्षणात जातो. कोटेशनमधून ही ओळ कुणी खोडू लागला तर खोडू देऊ नका.

पॅनेल_वर
पॅनेल तळघरात ठेवू नका, पहिल्या जिन्याच्या वर घ्या. दोन पंपांना दोन स्वतंत्र ब्रेकर आणि गळती करंट पकडणारं संरक्षण द्या. एकाच ब्रेकरवर दोन्ही असले तर एक जळाला की राखीवही जातो. वीज गेली तर १.१ मी.पासून काठापर्यंत २.७ घनमीटर जागा उरते, म्हणजे भर सरीत तीन मिनिटंही नाहीत. वॉचमन उठून जनरेटर सुरू करेपर्यंत पाणी गाड्यांखाली असेल. वीज जाताच जनरेटरवर स्वयंचलित बदल हवाच. पाळीपाळीने पंप बदलणारा रिले घाला, नाहीतर राखीव पंप न फिरता जाम होतो.

हिंदमाता_पार्किंग
आभार. संडासाचा खड्डा वेगळा करतो. दोन प्रश्न. झिरपणारं पाणी किती ते कसं काढू? आणि काम झाल्यावर पंप ठरलेलं पाणी देतोय हे कशावरून समजायचं?

पाइप_आधी
झिरपा कोरड्या दिवशी, भरतीच्या सुमारास मोजा. पंप बंद ठेवा आणि पातळी १०० मिमी चढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. १०० मिमी म्हणजे ०.३ घनमीटर. दहा मिनिटं लागली तर तासाला १.८ घनमीटर झालं. तेवढ्यासाठी १ एचपीचा छोटा पंप वेगळा ठेवा, मोठा सारखा चालू-बंद व्हायला नको.

पंपाची परीक्षाही घड्याळानेच. खड्डा ०.९ मी.पर्यंत भरा, येणारं पाणी थांबवा, एक पंप चालवा. ०.४ला यायला दीड मिनिट लागलं पाहिजे. अडीच लागलं तर आधी फिरण्याची दिशा तपासा. तीनपैकी दोन फेज उलट जोडल्या असतील तर पंप आवाज नीट करतो पण पाणी अर्धंमुर्धं देतो. दिशा बरोबर निघाली तर एनआरव्ही पूर्ण उघडतोय का ते बघा. ही चाचणी मे महिन्यात दोन्ही पंपांवर करा आणि वेळ पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा.