स्वस्त फिशआय लेन्स घ्यायची तर एफ/२च, हा हट्ट काहून?

झिरोमाईल: काल इथे एकाने ठोकून दिलं की एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरच्या) मिररलेस कॅमेऱ्याला फिशआय (१८० अंश टिपणारी, रेषा वाकवणारी लेन्स) घ्यायची तर टीटीआर्टिसनची ७.५ मिमी एफ/२च घ्या. सेवन आर्टिसन्सची ७.५ मिमी एफ/२.८ किंवा सॅमयांगची ८ मिमी एफ/२.८ म्हणजे पैसे पाण्यात. हे वाचून नवी पोरं डोळे मिटून ऑर्डर टाकतील, म्हणून सविस्तर लिहितो.

फरक एका स्टॉपचा आहे, म्हणजे एफ/२ वर दुप्पट उजेड. तो कुठे लागतो? नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीच्या गल्लीत यातली कुठलीही लेन्स एफ/८ वर चालते. ७.५ मिमीचं हायपरफोकल अंतर तिथे ३५ सेंमीच्या आसपास येतं. फोकसची रिंग त्या जागी ठेवली की १८ सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं शार्प. तिन्ही लेन्सना ऑटोफोकस नाही, म्हणजे जास्त उजेडाने फोकस लवकर लागेल हाही मुद्दा बाद. दिवसा फिशआयचा खरा शत्रू सूर्य. १८० अंशांच्या फ्रेममध्ये तो येतोच. त्यामुळे काचेवरचं कोटिंग आणि फ्लेअर (सूर्यामुळे फोटोत पडणारे डाग) आधी बघा, अपर्चर (उजेड आत घेणारं भोक) नंतर.

गोलभिंग: ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. तुम्ही दिवसाचं उदाहरण देऊन रात्रीचा प्रश्न उडवून लावला. तारा म्हणजे ठिपका. त्याचा उजेड अपर्चरच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतो. ७.५ मिमी एफ/२ चा व्यास ३.७५ मिमी, एफ/२.८ चा २.७ मिमीच्या आत. क्षेत्रफळ जवळपास दुप्पट. डिसेंबरच्या मध्यात मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. उल्का एका पिक्सेलवर क्षणभरही थांबत नाही, तिथे शटर लांबवून काही मिळत नाही. उजेड येतो तो फक्त काचेतून.

दुसरं, एफ/२ लेन्स एफ/२.८ वर आणली की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना फुटलेले पंख बरेच मिटतात. एफ/२.८ वाली एफ/२.८ वर पूर्ण उघडीच असते, तिला मागे यायला जागा नाही. हे का नाही लिहिलं?

उत्तरध्रुव: दोघंही आकाश विसरले. पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपणारं उद्यान) जाहीर झालं, तेव्हापासून जो तो तिकडे निघतो. पण पेंच नागपूरच्या उत्तरेला आहे, म्हणजे शहराचा उजेड तिथून दक्षिणेला दिसतो. आकाशगंगेचा गाभाही दक्षिणेलाच, क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर. रेक्टिलिनियर (रेषा सरळ ठेवणाऱ्या) लेन्सने शहराच्या उजेडाचा पिवळा पट्टा कापता येतो, फिशआयने नाही. तो फ्रेममध्ये आला की एफ/२ वर खालचा भाग आधी जळतो आणि शटर कमी करावं लागतं. उत्तरेकडे तोंड करा. ध्रुवतारा २१ अंशांवर मिळेल आणि शहर पाठीमागे राहील.

बजेटवाला: एवढा वाद कशाला? जुन्या कॅनन डीएसएलआरची सॅमयांग ८ मिमी एफ/३.५ सेकंडहँड घ्या, सोनीला साधा अडॅप्टर (दुसऱ्या कंपनीची लेन्स बसवायची कडी) लावा, काम झालं.

मायक्रॉन: काम झालं नाही, भाऊ. बिघडलं. हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि त्याचा मला खरंच राग येतो.

कॅनन ईएफचं माउंट (लेन्स अडकते ती जागा) ते सेन्सर अंतर ४४ मिमी, सोनी ई चं १८. म्हणजे अडॅप्टर बरोबर २६ मिमी हवा. ८ मिमीच्या लेन्सला अनंतापासून एक मीटरवर यायला काच जेमतेम ०.०६४ मिमी सरकते. अडॅप्टर ०.०५ मिमी जाड निघाला तर लेन्सचा सर्वांत लांबचा फोकस सव्वा मीटरवर अडकतो. दिवसा एफ/८ वर हे कळतच नाही, डेप्थ (शार्प दिसणारा पल्ला) सगळं झाकून टाकते. रात्री एफ/३.५ वर तारा १४ मायक्रॉनचा (०.०१४ मिमी) गोळा होतो, २४ मेगापिक्सेलवर साडेतीन पिक्सेल.

अडॅप्टर पातळ असला तर तेवढं नुकसान नाही. अनंत मिळतो, रिंगवरची खूण तेवढी खोटी ठरते. माउंटच्या स्क्रूखाली पितळी शिम (पातळ पत्रा) टाकून जाडी वाढवता येते. जाड अडॅप्टर मात्र घासावा लागतो. जाडी मायक्रोमीटरने चार जागी मोजा. चारही आकडे सारखे नसतील तर लेन्स तिरकी बसणार आणि फ्रेमची एक बाजू कायम मऊ राहणार.

बजेटवाला: ०.०५ मिमीवरून एवढी आरडाओरड? फोटो काढायचे का लेथ चालवायचं? तुमच्यासारख्यांमुळेच नवीन माणूस घाबरून पळतो.

मायक्रॉन: दीडशे फ्रेम घरी येऊन डिलीट केल्यावरही नवीन माणूस पळतोच. आणि गोलभिंग, हे तुम्हालाही लागू आहे. तीच ०.०५ ची चूक एफ/२ वर २५ मायक्रॉन होते, सहा पिक्सेलच्या वर. लेन्स जितकी फास्ट तितकं माउंट काटेकोर लागतं, आणि स्वस्त लेन्स नेमकी तिथेच घसरते.

गोलभिंग: मी अडॅप्टर सुचवलाच नव्हता. नेटिव्ह माउंटची, म्हणजे कॅमेऱ्याला थेट बसणारी लेन्स म्हणालो होतो.

मायक्रॉन: नेटिव्हवरही रिंग शेवटापर्यंत फिरवली म्हणजे अनंत आला असं नसतं. बहुतेक लेन्स थोड्या पुढे जातात. अपर्चर पूर्ण उघडा, व्याध किंवा गुरू मधोमध घ्या, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, ठिपका सर्वांत बारीक होईल तिथे रिंगला टेप लावा. मग तोच तारा आळीपाळीने चारही कोपऱ्यांत न्या. चारही ठिकाणी सारखे पंख दिसले तर तो कोमा, म्हणजे लेन्सच्या रचनेतलाच दोष, एफ/२.८ वर कमी होईल. एकाच कोपऱ्यात शेपूट असेल तर काच सरकलेली आहे. मुदत संपायच्या आत परत करा.

शुभमंगल_स्टुडिओ: हे ताऱ्यांचं राहू द्या. स्टेजवरचा अख्खा गोतावळा फिशआयने घेऊन नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करतात, ते आधी बंद करा. कडेच्या काकूंचा चेहरा आडवा ताणला जातो आणि तिथलं रिझोल्यूशन पार पातळ होतं. त्या कामाला १२ मिमी रेक्टिलिनियर घ्या.

झिरोमाईल: बरं. उल्कांसाठी एफ/२ चा फायदा खरा आहे, तेवढं मान्य. पण "पैसे पाण्यात" हे शब्द मागे घ्या. मिरवणूक, मेट्रो स्टेशन, रामटेकच्या गडावरची मंदिरं यांसाठी एफ/२.८ पुरून उरते.

गोलभिंग: शब्द मागे घेतो, शिफारस नाही. आणि सगळ्यांना: मेन्यूत "लेन्सशिवाय शटर" चालू करा, नाहीतर कॅमेरा ही लेन्स ओळखत नाही आणि बटणच दबणार नाही. स्टॅबिलायझेशनमध्ये फोकल लेंग्थ हाताने ८ भरा, ट्रायपॉडवर ते बंद ठेवा. डिसेंबरात तलावाकाठी पुढच्या फुगीर काचेवर दव बसतं. हीटरचा पट्टा हूडच्या मागे, फोकस रिंग मोकळी ठेवून बांधा.

नवखा_४४००: माझ्याकडे फुल फ्रेम आहे. हीच ७.५ चालेल का?

मायक्रॉन: बसेल, पण कडेने काळं येईल. क्रॉप मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग) लावला तर २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतील. टीटीआर्टिसनची ११ मिमी एफ/२.८ बघा, १८० अंश पूर्ण मिळतात आणि अपर्चरचा व्यास ३.९ मिमी, म्हणजे वरच्या एफ/२ पेक्षा किंचित जास्तच. सिग्माची १५ मिमी एफ/१.४ या सगळ्यांच्या पुढे आहे, पण ती सव्वा किलोच्या वर जाते आणि स्वस्त तर नाहीच.