मदत हवी आहे: तालुक्याच्या गावी विज्ञान चित्रपट महोत्सव, फिल्म कुठून आणायच्या?

मंडळी, 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला चोपड्यात आठवी ते बारावीच्या मुलांसाठी दोन दिवसांचा छोटा महोत्सव करायचा विचार आहे. भाषणं नकोत, पोरं मागच्या रांगेत मोबाईल काढतात.

अडचण फिल्मची. चांगल्या बऱ्याचशा इंग्रजीत, आणि सबटायटल वाचता वाचता चित्र निसटतं. मराठीत डब केलेल्या, दहा-पंधरा मिनिटांच्या फिल्म कुणाकडे आहेत का? यूट्यूबवरचं सरळ पडद्यावर दाखवलं तर चालतं, की परवानगी लागते? गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन सांस्कृतिक संस्थेच्या सायन्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये फिल्मनंतर मुलांकडून प्रयोग करून घेतात, ते मला फार आवडलं. तसं इथे कुणी केलंय का?

दुसरं, मुलांनाच मोबाईलवर तीन मिनिटांची फिल्म बनवायला लावायची आहे. विषय घरचेच: केळीची टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली) रोपं, ठिबक, साक्रीचा सौरऊर्जा प्रकल्प. अहिराणीत केली तर उत्तमच! पण परीक्षण कसं करायचं? एडिटिंग चकचकीत आणि विज्ञान चुकीचं, अशा फिल्मला किती गुण द्यायचे?

प्रोजेक्टर आहे, स्पीकर मात्र लग्नातला डीजेवाला देतो म्हणालाय. जळगाव-धुळ्याकडचं कुणी परीक्षक म्हणून येणार असेल तर जेवणाला शेवभाजी आमच्याकडे.