मदत हवी आहे: वडिलांसाठी ई-रीडर आणि जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन पीडीएफ

वडील पंचाहत्तरीच्या पुढचे, कायम कागदाचंच पुस्तक, पण आता बारीक टाइप वाचवत नाही आणि जाड पुस्तक धरून मनगट दुखतं. मुलगी म्हणते आजोबांना टॅबलेट द्या, ती स्वतः सगळं फोनवरच वाचते, पण चमकणारा स्क्रीन त्यांना सहन होत नाही. म्हणून मित्राचा ६ इंची ई-इंक (कागदासारखा दिसणारा, न चमकणारा स्क्रीन) रीडर आणून दिला, तर ईपब फाइलमधल्या ई-पुस्तकांवर एकदम खूश, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, ओळी आपोआप नीट बसतात.

घोडं अडतंय ते स्कॅन पीडीएफवर. त्यांना हवी असलेली जुनी पुस्तकं तशीच मिळतात, म्हणजे प्रत्येक पान हा नुसता फोटो, झूम केलं की अर्धी ओळ बाहेर. समास कापून बघितले, आडवं धरून बघितलं, थोडाच फरक. ओसीआर (म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) केलं तर जोडाक्षरं आणि रफार यांची वाट लागते, पान न पान कोण तपासणार!

ऑडिओबुक प्लीज सुचवू नका, त्यांना वाचायचंच आहे. सेटिंग मी करून देईन, त्यांना फक्त पान उलटायला लागावं, बटण असेल तर उत्तम.

तर १० इंची ई-इंक घेतला तर स्कॅनचं अख्खं पान झूम न करता वाचता येतं का, की केटूपीडीएफऑप्टसारखं शब्द कापून परत मांडणारं सॉफ्टवेअर लहान रीडरवर पुरेल? देवनागरी स्कॅनवर ते कोणी प्रत्यक्ष वापरलंय का, शब्द मधेच तुटतात का?